‘ईस्टर्न फ्रंट १९४१’: रसद सांभाळून मॉस्को कसं गाठावं

‘ईस्टर्न फ्रंट १९४१’ हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन-रशियन लढाईवरचा जुना संगणक-खेळ, आणि या खेळात सगळ्यात आधी वेळेचा हिशेब समजून घ्यावा लागतो. तुम्ही जॉयस्टिक हातात धरून नकाशा न्याहाळत बसता, तेव्हा समोरचा संगणक रिकामा बसलेला नसतो. तो रशियन फौजांच्या चाली ठरवत असतो, आणि तुम्ही जितका वेळ घ्याल तितक्या त्या चाली सुधारत नेतो. म्हणून माझा पहिला सल्ला: विचार संगणक बंद असताना करा, संगणक चालू असताना फक्त हुकूम द्या. मी असंच खेळते, आणि शिकवतेही असंच.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर भाच्यानं लॅपटॉपवर जुन्या अटारी संगणकाचा एम्युलेटर, म्हणजे त्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकून दिला, आणि आता संध्याकाळी गल्लीतली दहावी-अकरावीची मुलं आली की आम्ही जमिनीवर युरोपचा नकाशा पसरून बसतो. वर्गात मी नद्या आणि दलदली पाठ करून घेत असे, कारण परीक्षेत त्या विचारत. इथे नदी ओलांडावी लागते. नीपर कुठून कुठे वाहते हे या मुलांना कुणी पाठ करायला लावलेलं नाही, तरी आता ती झोपेतही सांगतील.

खेळ आहे १९८१ सालचा. ख्रिस क्रॉफर्ड यांनी अटारीच्या ४०० आणि ८०० या घरगुती संगणकांसाठी तो लिहिला, आणि अटारी प्रोग्रॅम एक्स्चेंज या अटारीच्याच विभागानं विकला. साठ हजारांहून जास्त प्रती गेल्या, त्या काळासाठी ही मोठीच गोष्ट होती. सगळा खेळ १६ किलोबाइट स्मृतीत मावतो. एवढ्याशा जागेत पोलंडच्या सीमेपासून स्टालिनग्राडपर्यंतचा सरकता नकाशा, दीडशेच्या वर तुकड्या, ऋतू, रसद आणि विचार करणारा प्रतिस्पर्धी बसवलेला आहे. मूळ असेंब्ली प्रोग्रॅमही नंतर विकायला काढला होता. पुढे मी जे आकडे देणार आहे, ते त्या प्रोग्रॅमच्या नियमांतले आहेत.

मांडणी

विंडोजवर अल्टिरा हा एम्युलेटर सोयीचा. त्याच्यासोबत स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम येते, वेगळी शोधावी लागत नाही. लिनक्सवर अटारी८०० नावाचा एम्युलेटर आहे. दोन्हींत एक फरक लक्षात ठेवा, नाहीतर मुलं गोंधळतात. अटारीच्या कीबोर्डला उजव्या बाजूला स्टार्ट, सिलेक्ट आणि ऑप्शन अशा पिवळसर कळा होत्या. अल्टिरामध्ये एफ२ म्हणजे स्टार्ट आणि एफ४ म्हणजे ऑप्शन. अटारी८०० मध्ये बरोबर उलटं: एफ२ ऑप्शन, एफ४ स्टार्ट. एफ३ दोन्हीकडे सिलेक्टच. कागदावर लिहून पडद्याला चिकटवून टाका.

खेळ मशीन भाषेतला आहे, त्यामुळे सुरू करताना अटारीतली बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा बंद ठेवायची. बाणांच्या कळांनी खेळता येतं, पण साधी यूएसबी जॉयस्टिक मिळाली तर घ्या. एक बोट बटणावर दाबून ठेवून दुसऱ्या हातानं दिशा द्यायची असते, आणि ते कीबोर्डवर अवघडल्यासारखं होतं.

तुम्ही कायम जर्मन बाजूनं खेळता, रशियन बाजू संगणकाची. २२ जून १९४१ ला सुरुवात होते, एक पाळी म्हणजे एक आठवडा, आणि २९ मार्च १९४२ ला खेळ संपतो. पांढऱ्या तुकड्या तुमच्या, लाल त्यांच्या.

हुकूम कसे द्यायचे

जॉयस्टिकनं पडद्यावरची चौकट हलते. ती कडेला नेली की नकाशा सरकतो. हा सरकता नकाशा पाहूनच तेव्हाचे लोक थक्क झाले होते. चौकट आपल्या तुकडीवर ठेवून बटण दाबा. तुकडी नाहीशी होऊन खालची जमीन दिसते, आणि पडद्याच्या तळाशी तिचं नाव आणि दोन आकडे येतात. पहिला मस्टर, म्हणजे तुकडीची मूळ भरती. दुसरा कॉम्बॅट स्ट्रेंग्थ, म्हणजे आज, या घडीला लढण्याची ताकद. दोन्हींतली तफावत म्हणजे तुकडी किती दमलीय त्याचं माप. हल्ल्याला पाठवण्याआधी प्रत्येक वेळी ती तफावत बघायची सवय लावून घ्या.

बटण दाबून ठेवलं की नकाशावर एक क्रॉस उमटतो. त्याला माल्टीज क्रॉस म्हणतात. तो दिसल्याशिवाय हुकूम घेतला जात नाही. तो आला की जॉयस्टिक एकेकदा ढकलायची, दर ढकलीला एक घर, म्हणजे नकाशावरचा एक चौकोन. तिरपी चाल नाही. एका तुकडीला जास्तीत जास्त आठ हुकूम. आधी दिलेला मार्ग बघायचा असेल तर बटण दाबून धरा, एक बाण त्या वाटेवरून धावत जाऊन दाखवतो. हुकूम रद्द करायचे तर बटण दाबलेलं असतानाच स्पेसबार. सगळ्यांचे हुकूम झाले की स्टार्ट.

स्टार्ट दाबल्यावर दोन्ही बाजू एकाच वेळी हलतात. आठवडा बत्तीस छोट्या टप्प्यांत उलगडतो. सपाट मैदानावर कोरड्या दिवसांत पायदळाला एका घरासाठी सहा टप्पे लागतात, रणगाड्यांना चार. म्हणजे रणगाडे आठवड्यात आठ घरं आणि पायदळ पाच. जंगल, डोंगर, नदी, दलदल आली की हिशेब वाढत जातो. एका घरात दोन तुकड्या मावत नाहीत. आपलीच पुढची तुकडी अडली तर मागची तिथेच ताटकळते. म्हणून एकाच वाटेवर पायदळ पुढे आणि रणगाडे मागे असं कधीही लावू नका. पहिल्या आठवड्यात नव्या खेळाडूचे निम्मे रणगाडे याच कोंडीत वाया जातात.

आता सुरुवातीच्या त्या वेळेच्या मुद्द्याकडे. टीव्हीचा पडदा सेकंदाला साठ वेळा रंगवला जातो, आणि दर वेळी रंगवून झाल्यावर किरण वर परत जाईपर्यंत अगदी थोडा अवकाश मिळतो. क्रॉफर्ड यांनी तुमची जॉयस्टिक वाचणं, नकाशा सरकवणं, हुकूम टिपून घेणं हे सगळं त्या अवकाशात बसवलं, आणि उरलेला सगळा वेळ रशियन सेनापतीला दिला. तो एकेक फौज घेतो, ती आहे तिथे राहिली तर काय, चारही बाजूंच्या शेजारच्या घरांत गेली तर काय, आघाडीत भोक पडतं का, शत्रूचा दाब कुठून आहे, हे तपासतो. एक फेरी झाली की दुसरी, मग तिसरी. तुम्ही स्टार्ट दाबलं त्या क्षणी हाती असेल ती योजना तो राबवतो. दीड-दोन मेगाहर्ट्झच्या संगणकात अशी युक्ती लढवणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

एम्युलेटर मध्येच थांबवून निवांत विचार करता येतो, हे खरं. आमच्याकडे तशी मुभा नाही. तसं केलं तर खेळाचा गाभाच निघून जातो. त्याऐवजी आम्ही आलेख-कागदावर नकाशा काढून घेतलाय, शत्रू लाल पेन्सिलनं आणि आपण निळ्यानं. पाळी संपली की स्थिती कागदावर उतरवायची, दुसऱ्या दिवशीच्या हुकमांची यादी करायची, आणि दुसऱ्या दिवशी जतन केलेल्या जागेवरून खेळ उघडून यादीप्रमाणे भराभर हुकूम द्यायचे. सगळ्या तुकड्यांना दर आठवड्याला हुकूम लागतातच असं नाही. आघाडीवर ज्यांचं काम आहे तेवढ्याच हलवा.

रसद

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे थांबून सावकाश वाचा.

तुमच्या प्रत्येक तुकडीला नकाशाच्या पश्चिम कडेपर्यंत मोकळी वाट लागते. रशियन फौजांना पूर्व कडेपर्यंत. ही वाट शत्रूच्या तुकडीनं किंवा तिच्या वचकाखालच्या घरानं अडली (वचकाचा नियम पुढे येतोच), की रसद तुटली. रसद तुटलेल्या तुकडीची लढाऊ ताकद अर्धी होते, पुढच्या आठवड्यात आणखी अर्धी. दोन-तीन आठवड्यांत भलीमोठी फौजसुद्धा नावापुरती उरते. त्यामुळे समोरासमोर डोकं आपटून शत्रू संपवण्यापेक्षा त्याच्या मागे जाऊन बसणं कितीतरी स्वस्त पडतं.

रशियन तुकड्या तुमच्या साधारण दुप्पट आहेत, आणि नव्या फौजा पूर्वेकडून येतच राहतात. शिवाय रसद चालू असलेल्या रशियन फौजेत दर आठवड्याला थोडी नवी भरती होते. तुम्हाला ती सोय नाही. तुमची मूळ भरती एकदा घटली की घटली. म्हणजे एकास एक अशी देवाणघेवाण केली तर तुम्ही हरलातच. वेढा घालूनच हिशेब तुमच्या बाजूला झुकतो.

वेढा घालताना वचकाचा नियम उपयोगी पडतो. प्रत्येक तुकडीचा आजूबाजूच्या घरांवर वचक असतो. सरळ शेजारच्या चार घरांवर पूर्ण, कोपऱ्याच्या चार घरांवर अर्धा. पूर्ण वचक असलेल्या एका घरातून तशाच दुसऱ्या घरात शत्रूला जाता येत नाही. आणि दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो. याचा अर्थ असा, की तुकड्या खांद्याला खांदा लावून उभ्या करायची गरज नाही. एक घर सोडून एक अशा लावल्या तरी मधल्या फटीतून रशियन फौज सटकत नाही, आणि तिची रसदही त्या फटीतून जात नाही. थोडक्या तुकड्यांत मोठा वेढा बसतो. मुलांना मी हे कागदावर बिब्ब्याच्या बिया मांडून दाखवते. नुसत्या बोलण्यानं ते डोक्यात शिरत नाही.

वेढ्याचा दुसरा फायदा हल्ल्यात दिसतो. हरलेल्या तुकडीला मागे सरकावं लागतं. मागची वाट तुमच्या तुकडीनं किंवा वचकानं बंद असेल तर ती दुसरी दिशा शोधते, आणि प्रत्येक बंद दिशेमागे तिची ताकद आणखी गळते. चारही बाजू बंद असतील तर एका हल्ल्यात फौज नाहीशी होऊ शकते.

रशियन तुकड्या मोडतातही लवकर. जर्मन आणि फिनिश तुकड्या निम्मी ताकद जाईपर्यंत तग धरतात. रशियन तुकड्या, आणि तुमच्याच बाजूच्या रुमानियन, हंगेरियन, इटालियन तुकड्या, थोडा फटका बसला की मागे हटतात. म्हणून दक्षिणेत रुमानियनांच्या भरवशावर मोर्चा उभारू नका. त्यांना दलदलीच्या कडेला किंवा नदीमागे, जिथे फारसं कुणी येणार नाही अशा जागी ठेवा. उत्तरेकडच्या फिनिश तुकड्या हल्ला करत नाहीत. लेनिनग्राडच्या वर त्या नुसत्या उभ्या आहेत एवढ्यानंच काही रशियन फौज तिथे अडकून राहते, तेवढा त्यांचा उपयोग.

आणखी दोन बारीक नियम. नदीच्या घरात उभं राहून हल्ला केला तर हल्ल्याची ताकद अर्धी पडते. आणि ज्या तुकडीचे हुकूम बाकी आहेत, म्हणजे जी चालतेय, तिच्यावर हल्ला झाला तर तिचा बचाव अर्धा. दुसरा नियम फार महत्त्वाचा. आठवड्यात पुरे न झालेले हुकूम पुढच्या आठवड्यात तसेच चालू राहतात. ज्या तुकडीनं जागा धरून बसायचंय, तिचे उरलेले हुकूम स्पेसबारनं पुसून टाका.

जून ते सप्टेंबर

प्रत्यक्षात जर्मनीनं तीन सैन्यगट पाठवले होते. उत्तरेचा लीबच्या हाताखाली लेनिनग्राडकडे, मधला बॉकच्या हाताखाली मिन्स्क-स्मोलेन्स्कवरून मॉस्कोकडे, दक्षिणेचा रुंडश्टेटच्या हाताखाली कीव्हकडे. खेळातही तुकड्या तशाच मांडलेल्या सापडतील. मधला गट आणि दक्षिणेचा गट यांच्यामध्ये प्रिप्यातची प्रचंड दलदल आहे. तिच्यात तुकडी घालू नका. आत गेलेलं पायदळ आठवडेच्या आठवडे बाहेर येत नाही. दलदलीच्या दोन्ही तोंडांशी एकेक तुकडी पहाऱ्याला ठेवली की पुरे.

पहिल्या पाळीत मधल्या गटाच्या रणगाड्यांना सीमेवरच्या रशियन फौजांना वळसा घालून मिन्स्कच्या मागे पाठवा, एक तुकडी वरून, एक खालून. सीमेवरच्या फौजांशी पायदळ भिडू दे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रणगाडे एकमेकांजवळ पोचले की आतल्या सगळ्या फौजांची रसद तुटते. खरं मिन्स्क २८ जूनला पडलं. तुम्हाला एखादा आठवडा जास्त लागला तरी घाई करू नका. पायदळ मागून येऊन वेढा पक्का करेपर्यंत रणगाड्यांनी तिथेच थांबायचं. याच वेळी मॉस्कोकडे सुटायचा मोह होतो. मुलांमध्ये जो कुणी त्या मोहात पडतो, त्याचे रणगाडे ऑगस्टमध्ये स्मोलेन्स्कपाशी रसद तुटून पडलेले असतात.

गुण कसे मिळतात ते बघून लक्ष्य ठरवा. कमाल २५५. मोठा भाग येतो तो तुमच्या तुकड्या किती पूर्वेला आणि किती ताकदीनिशी उभ्या आहेत यावरून. पश्चिमेला शिरलेल्या रशियन ताकदीचे गुण वजा होतात. त्यावर शहरांचे: मॉस्कोचे वीस, आणि लेनिनग्राड, स्टालिनग्राड, सेव्हास्टोपोल यांचे दहा-दहा. स्टालिनग्राड विसरा. खरे जर्मनही तिथे पोचायला १९४२ चा उन्हाळा उजाडला. सेव्हास्टोपोल क्रायमियाच्या टोकाला, आणि क्रायमियात शिरायची वाट अगदी चिंचोळी. तिथे हल्ल्याला एकापुढे एकच उभं राहता येतं. खरा सेव्हास्टोपोल जुलै १९४२ पर्यंत लढला. माझ्या मते लेनिनग्राड आणि मॉस्को ही दोनच शहरं पहिल्या हिवाळ्याआधी आवाक्यातली आहेत. त्यातलंही लेनिनग्राड आधी घ्यावं. उत्तरेला समुद्र एका बाजूला असल्यामुळे आघाडी अरुंद आहे, आणि ते पडलं की तिथल्या तुकड्या मॉस्कोकडे वळवता येतात.

कीव्हला गुण नाहीत. तरीही कीव्हकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि या खेळातली सगळ्यात अवघड निवड इथेच येते. मधला गट पुढे सरकला की त्याची उजवी बाजू उघडी पडते, आणि कीव्हभोवतीच्या दाट रशियन फौजा तुमच्या रसदीवर येऊन बसू शकतात. १९४१ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सेनापतींत याच प्रश्नावरून वाद झाला होता. शेवटी गुडेरियन या जर्मन सेनापतीचे रणगाडे मॉस्को सोडून दक्षिणेला वळले आणि सप्टेंबरमध्ये कीव्हच्या वेढ्यात सहा लाखांहून जास्त सोव्हिएत सैनिक पकडले गेले. मी मुलांना सांगते, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कागदावर बघा. मधल्या गटाच्या खाली रशियन फौजांचा पुंजका मोठा असेल तर वळा. दोन-चारच असतील तर पायदळाची झिरझिरीत भिंत उभी करा, एक घर सोडून एक, आणि मॉस्कोकडे जा.

सहा लाख हा आकडा आला की मी खेळ थांबवायला लावते. पडद्यावर एक लाल चिन्ह मिटतं तेव्हा त्याखाली हजारो माणसं असतात, आणि पकडलेल्या सोव्हिएत सैनिकांपैकी फार मोठी संख्या छावण्यांत उपासमारीनं आणि थंडीनं मेली. ८ सप्टेंबर १९४१ ला लेनिनग्राडचा जमिनीवरचा शेवटचा रस्ता तुटला. तो वेढा जानेवारी १९४४ पर्यंत चालला आणि लाखो नागरिक भुकेनं गेले. आपण ज्याला रसद तोडणं म्हणतो, ते तिथे असं दिसत होतं. आपल्याला जर्मन बाजूनं खेळावं लागतं कारण खेळाची रचना तशी आहे. आपण कुणाचे हुकूम देतोय हे मुलांना माहीत असलंच पाहिजे, आणि माहीत झाल्यावर खेळ अधिक गंभीरपणे खेळला जातो, हे मी पाहिलंय.

ऑक्टोबरचा चिखल

ऑक्टोबर लागला की नकाशाचा रंग पालटतो. झाडांचे रंगही महिन्याप्रमाणे बदलतात, इतकी बारीक नजर या खेळात आहे. चिखलाच्या महिन्यात मैदानावर एक घर जायला पायदळाला चोवीस टप्पे लागतात, रणगाड्यांना तीस. आठवडा बत्तीस टप्प्यांचा. म्हणजे आठवड्याला एक घर, तेही वाटेत कुणी अडवलं नाही तर. रणगाडा पायदळापेक्षा हळू चालतो असा हा एकच काळ.

विदर्भातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. युक्रेनची ती सुपीक काळी माती पावसात भिजली की कशी होते, हे आमच्या कपाशीच्या शेतातून जुलैमध्ये बैलगाडी काढलेल्या घरातल्या पोराला ठाऊक असतं. दोन्ही मातींची घडण वेगळी. तिकडची गवताळ मैदानांतल्या कुजलेल्या गवतानं काळी झालेली, आपली बेसॉल्ट झिजून झालेली. चाकाला धरून ठेवण्यात मात्र दोन्ही सारख्या.

त्यामुळे तुमचं खरं कॅलेंडर २२ जून ते ३० सप्टेंबर एवढंच आहे. ३० सप्टेंबरला जिथे असाल, तिथून फार तर चार घरं पुढे जाल. सप्टेंबरच्या मध्याला मॉस्को आठ-दहा घरांवर असेल तर सगळी ताकद तिकडे लावा. त्याहून लांब असेल तर मोह सोडा आणि त्याच आठवड्यापासून हिवाळ्याची ओळ आखायला घ्या. चिखलाच्या महिन्याचा उपयोग विश्रांतीसाठी करा. रसद चालू असलेली, न लढणारी तुकडी हळूहळू लढाऊ ताकद भरून काढते.

हिवाळा

नोव्हेंबरमध्ये जमीन गोठते आणि नकाशा पांढुरका होतो. चालणं चिखलापेक्षा सोपं होतं, पण दुसरंच संकट उभं राहतं. बर्फाच्या महिन्यांत तुमच्या प्रत्येक तुकडीची रसद नशिबावर जाते, आणि तुकडी जितकी पूर्वेला तितकं ते नशीब वाईट. वाट मोकळी असूनही रसद पोचत नाही, आणि ताकद अर्धी होते. रशियन बाजूला हा त्रास नाही. त्याच सुमारास त्यांच्या ताज्या फौजा येऊन दाखल होतात. ५ डिसेंबर १९४१ ला मॉस्कोसमोर खरा सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला, आणि खेळातही डिसेंबरपासून दाब वाढत जातो.

नद्याही गोठतात, एकदम नाही, उत्तरेकडून दक्षिणेकडे. गोठलेली रेषा आठवड्या-आठवड्यानं खाली सरकते. ज्या नदीच्या भरवशावर तुम्ही ओळ धरून बसलात, ती नदी एक दिवस नदी राहत नाही. दलदलीचंही तेच. प्रिप्यातच्या तोंडाशी ठेवलेले ते दोन पहारेकरी आता खरोखर उपयोगी पडतात. उत्तरेच्या तुकड्यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच नदी सोडून जंगल, डोंगर किंवा शहर यांचा आधार घ्यावा. दक्षिणेला थोडा जास्त अवधी मिळतो.

ओळ कशी असावी? पुढच्या रांगेत पायदळ, एक घर सोडून एक. सगळ्यांचे हुकूम पुसलेले. मागे दोन-तीन घरांवर रणगाडे, तेही उभे. रशियन सेनापती प्रत्येक आठवडा नव्यानं मांडतो. मागच्या आठवड्यात काय ठरवलं होतं ते त्याच्या ध्यानात नसतं, आणि महिनाभराची मोहीम त्याला आखता येत नाही. तो भोक दिसेल तिथे घुसतो, तुमचा दाब जास्त असेल तिकडे जवळच्या फौजा आणून लावतो. म्हणून त्याची एखादी फौज ओळ फोडून आत आली तर घाबरून सगळी ओळ मागे घेऊ नका. तिला दोन घरं आत येऊ द्या, मागचं दार दोन्ही बाजूंच्या पायदळानं बंद करा, आणि रणगाड्यांनी तिला संपवा. आत आलेली फौज रसदीवाचून दुसऱ्या आठवड्यातच अर्धी झालेली असते.

मॉस्को हातात असेल आणि तिथली तुकडी रसदीविना वितळत असेल, तर काय करायचं यावर आमच्याकडे दर वेळी भांडण होतं. माझं मत ठाम आहे: शहराचे गुण शेवटच्या दिवशी मोजले जातात, आणि तुकड्यांच्या ताकदीचेही. वीस गुणांसाठी चार चांगल्या तुकड्या गमावल्या तर त्यापेक्षा जास्त जातं. जानेवारीत दोन रांगा मागे या, ताकद टिकवा. मार्चच्या सुरुवातीला मॉस्कोसमोर रशियन फौजा विरळ दिसल्या तर पुन्हा जा. थंडीत रणगाडे चिखलाइतके अडत नाहीत, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत शहर परत घेता येतं.

पहिल्यांदा खेळणाऱ्यानं खेळातली सवलत घ्यायला हरकत नाही. त्यात जर्मन तुकड्यांची भरती दीडपट होते आणि त्या बदल्यात गुण कापले जातात. वेढा कसा बसतो, रसद तुटल्यावर आकडे कसे घसरतात, हे शांतपणे बघायला ती सोय चांगली. नंतर निघालेल्या कार्ट्रिजवरच्या आवृत्तीत शिकाऊपासून तज्ज्ञापर्यंत पाच पातळ्या आणि १९४२ चा डावही आहे. पण मी सुरुवात १९८१ च्या मूळ खेळापासूनच करायला लावते. त्यात नियम कमी आहेत, आणि जे आहेत ते सगळे नकाशावर डोळ्यांना दिसतात. आलेख-कागद मोठा घ्या. छोट्या वहीच्या पानावर प्रिप्यातच्या खालची सगळी दक्षिण आघाडी मावत नाही, आणि कीव्हचा निर्णय घ्यायच्या दिवशी नेमका तोच भाग लागतो.